तीस अंशांवरचे थंड बोट

कोविडच्या काळात घराघरांत एक चिमटा शिरला. बोटाला लावला की लाल उजेड पेटतो, पडद्यावर ९७ किंवा ९८ उमटते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये ज्या तत्त्वावर हे यंत्र मांडले ते विलक्षणच आहे. पण त्याच्याविषयी एक गैरसमज या काळात पक्का झाला: चिमटा बोटाला लागतो, म्हणजे तो बोटातले रक्ताभिसरण मोजतो. प्रत्यक्षात तो एवढेच सांगतो, की धमनीतल्या रक्तात जे हिमोग्लोबिन आहे त्याचा किती हिस्सा ऑक्सिजनने भरलेला आहे. ते रक्त बोटात किती येते, कोणत्या दाबाने येते, हे त्याला ठाऊक नसते. बिडीपायी धमन्या बुजत चाललेल्या माणसाच्या बोटातही जोवर क्षीण ठोका शिल्लक आहे तोवर पडद्यावर ९८ दिसू शकते, आणि ते खोटेही नसते. काही चिमट्यांवर त्याखाली ‘परफ्यूजन इंडेक्स’ म्हणून आणखी एक आकडा येतो. तो ठोक्याबरोबर बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या प्रकाशाचे गुणोत्तर असतो. त्यालाही प्रवाह म्हणता येत नाही. मग बोटातला रक्तप्रवाह खरोखर मोजायचा कसा, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. त्याची उत्तरे पुष्कळ आहेत आणि त्यांतली बहुतेक थंड देशांत तयार झाली आहेत. या सगळ्या उत्तरांकडे पाहिल्यावर मला असे वाटते, की बोटाच्या बाबतीत ‘प्रवाह किती’ हा प्रश्नच अपुरा आहे. बोटाला एखादे आव्हान द्यायचे आणि ते त्याला कसे उत्तर देते ते नोंदवायचे, हेच खरे मापन. शिवाय आव्हान कोणते द्यायचे हे प्रयोगशाळेच्या परंपरेने ठरवण्यापेक्षा रुग्ण राहतो त्या हवेने ठरवावे. कावेरीच्या मुखप्रदेशात, कुंभकोणमजवळच्या इन्नंबूरसारख्या गावात, ते आव्हान थंडीचे असण्याची गरज नाही.

असे का, हे बोटाच्या रचनेत आहे. स्नायूला किंवा मेंदूला रक्त लागते ते मुख्यतः पोषणासाठी. बोटाच्या टोकाला पोषणासाठी लागणारे रक्त अगदी थोडे असते. तिथे येणारे बाकीचे रक्त उष्णता बाहेर टाकण्यासाठी येते. पेराच्या गरात आणि नखाखाली धमनिका व शिरिका यांना केशवाहिन्यांना वळसा घालून थेट जोडणाऱ्या आखूड वाहिन्या असतात. पाटाच्या दारासारखे त्यांचे काम चालते: अंग तापले की दारे उघडतात, गारवा जाणवला की मिटतात. ती उघडण्या-मिटण्याचा हुकूम अनुकंपी चेतातंतू देतात. म्हणून निरोगी माणसाच्या बोटातला प्रवाह एकाच दिवसात किती पट बदलावा याला सुमार नाही. ॲलन बर्टन यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत तो शंभर मिलिलिटर ऊतकामागे मिनिटाला एखाद्या मिलिलिटरपासून ऐंशी-नव्वद मिलिलिटरपर्यंत गेलेला दिसतो. रक्तदाबाला जसा ‘१२० बाय ८०’ आहे तसा बोटाच्या प्रवाहाला प्रमाण आकडा का नाही, याचे उत्तर इथे मिळते. दचकलेल्या माणसाचे बोट, आत्ताच सिगारेट विझवलेल्या माणसाचे बोट आणि जेवून पंख्याखाली बसलेल्या माणसाचे बोट ही तीन वेगळी बोटे आहेत, माणूस एकच असला तरी. कुंभकोणमची प्रसिद्ध डिग्री कॉफी पिऊन चाचणीला येऊन बसलेला रुग्ण चौथ्या प्रकारात मोडेल.

मोजण्याच्या पद्धतींचा इतिहास म्हणजे या चंचलपणाशी केलेली झटापट. सर्वांत प्रामाणिक पद्धत जुनीच आहे. बोटाच्या बुडाशी फुगवपट्टी बांधून शिरा दाबल्या जातील पण धमन्या चालू राहतील इतकाच दाब द्यायचा. रक्त आत येते, बाहेर जात नाही, बोट फुगते, आणि फुगण्याचा वेग म्हणजेच प्रवाह. ह्यूलेट आणि झ्वालुवेनबर्ग यांनी १९०९ मध्ये हाताच्या पुढल्या भागावर हे केले आणि १९५३ मध्ये व्हिटनी यांनी पाऱ्याने भरलेली बारीक रबरी नळी गुंडाळून ते सोपे केले. हिचा मोठेपणा असा, की उत्तर मिलिलिटरमध्ये येते. पुढल्या सोयीस्कर यंत्रांनी नेमके हेच गमावले. हर्ट्झमन यांनी १९३७-३८ च्या सुमारास प्रकाशाच्या साहाय्याने बोटातला ठोका टिपला. आजच्या ऑक्सिमीटरचा आणि मनगटी घड्याळांचा मूळपुरुष तोच. पण त्या लाटेची उंची त्वचेच्या जाडीवर, चिमट्याच्या दाबावर, प्रकाशाच्या रंगावर अवलंबून असते. १९७५ मध्ये स्टर्न यांनी लेझरचा किरण त्वचेवर टाकून हलत्या रक्तपेशींमुळे त्याची वारंवारता किती सरकते हे मोजले. लेझर डॉप्लर त्वचेच्या वरच्या साधारण मिलिमीटरभरातले काय ते सांगतो, तेही मनमानी एककांत. टोक दोन मिलिमीटर बाजूला सरकवले तरी आकडा वेगळा येतो. तेव्हा एका रुग्णालयातले ‘२०० एकक’ आणि दुसऱ्यातले ‘२००’ यांची तुलना करू नये, हे तज्ज्ञांना माहीत असते, पण अहवालात ते लिहिलेले नसते. या यंत्रांना मी टाकाऊ म्हणत नाही. स्थिर आकडा म्हणून ती कमकुवत आहेत; बदल टिपण्यात मात्र पटाईत आहेत. तीच गोष्ट सगळे बालरोगतज्ज्ञ आणि परिचारिका रोज करतात त्या नख दाबून सोडण्याच्या चाचणीची. दोन सेकंदांत लाली परतली पाहिजे हा पाठ सर्वांना तोंडपाठ आहे. पण १९८८ मध्ये श्रायगर आणि बाराफ यांनी निरोगी लोकांत ती मोजली तेव्हा वय, लिंग आणि तापमान यांनी ती बदलते आणि वृद्धांत साडेचार सेकंदही स्वाभाविक असू शकतात असे आढळले.

प्रवाहाऐवजी दाब मोजावा, हा या प्रवासातला खरा शहाणपणाचा टप्पा. दाबाला मिलिमीटर पाऱ्याचे एकक आहे आणि तो त्वचेच्या जाडीवर अवलंबून नाही. १९७७ मध्ये डेन्मार्कच्या निल्सन आणि लासन यांनी बोटाच्या मधल्या पेराभोवती पाणी खेळवणारी फुगवपट्टी बसवली, पेर पाच मिनिटे थंड केले आणि मग रक्त परत शिरते तेव्हाचा दाब नोंदवला. निरोगी बोटात तो थोडा उतरतो. रेनोच्या विकारात तो शून्यावर जाऊ शकतो. धमनी थंडीने पूर्ण मिटते. मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधात पांढऱ्या, निळ्या आणि मग लाल होणाऱ्या बोटांचे वर्णन केले होते. त्या वर्णनाला शंभराहून अधिक वर्षांनी आकडा मिळाला. यंत्रांच्या कंपनाने होणाऱ्या ‘पांढऱ्या बोटा’चे निदान आजही याच मार्गाने केले जाते. अमेरिकेतल्या बेडफर्डच्या चुनखडी-कामगारांत हा आजार ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्येच नोंदवला होता. आज त्याच्या चाचणीला आंतरराष्ट्रीय मानक आहे: आयएसओ १४८३५, एक भाग बोटाच्या तापमानाचा आणि दुसरा दाबाचा.

या मानकातच आपल्या प्रश्नाची गाठ आहे. चाचणीची खोली एकवीस-बावीस अंशांची हवी, पाणी बारा अंशांचे हवे. इन्नंबूरला जानेवारीच्या रात्रीही पारा विशीच्या खाली क्वचित जातो आणि वर्षातले बहुतेक दिवस दुपारी तिशीच्या वर असतो. या टापूत बोटांवर पोट असणारे लोक भरपूर आहेत: स्वामीमलैचे ओतीव मूर्ती घडवणारे, नाच्चियारकोविलचे समया बनवणारे, तिरुभुवनमचे रेशीम विणकर, शिवाय भाताच्या शेतात तासन्‌तास ओल्या हातांनी राबणाऱ्या बाया. ज्या कारखान्यात कानशीची जागा ग्राइंडरने घेतली तिथे कंपनाचा धोका बेडफर्डइतकाच खरा आहे. पण अशा कारागिराला वातानुकूलित खोलीत बसवून बारा अंशांच्या पाण्यात हात घालायला लावले, तर मिळणारे उत्तर त्याच्या आयुष्यात कधी न येणाऱ्या परिस्थितीविषयीचे असेल. काही जण म्हणतील की मग प्रश्नच मिटला. उष्ण प्रदेशात रेनोचा विकार फारसा नसतोच. यात तथ्य आहे. मारिक आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या चार भागांची दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनशी तुलना केली तेव्हा थंड हवेत त्याचे प्रमाण जास्त निघाले. पण यातून निघणारा निष्कर्ष आक्षेपकाला हवा त्याच्या उलटा आहे. ऊब झाकून टाकते तो साधा, निरुपद्रवी रेनो. म्हणजे तिशीतल्या हवेत ज्याची बोटे थंड पडतात त्याच्या मागे काहीतरी गंभीर असण्याची शक्यता थंड देशातल्या रुग्णापेक्षा जास्त धरली पाहिजे.

या तर्काला भक्कम आधारही आहे, आणि तो आला आहे मँचेस्टरसारख्या गारठलेल्या शहरातून. तिथल्या ॲरियान हेरिक यांच्या गटाने २००७ मध्ये उष्णता-छायाचित्रे वापरून एक साधे माप सुचवले: बोटाच्या टोकाचे तापमान आणि हाताच्या पाठीचे तापमान यांतला फरक. तेवीस अंशांच्या खोलीत साध्या रेनोचा रुग्ण आणि त्वचा आवळत नेणाऱ्या स्क्लेरोडर्माचा रुग्ण या दोघांचीही बोटे थंड असतात. फारसा उलगडा होत नाही. खोली तीस अंशांवर नेली की फरक पडतो. साध्या रेनोत धमन्यांची भिंत शाबूत असते, फक्त ती उगाच घाबरते. ऊब मिळाली की उघडते. स्क्लेरोडर्मात भिंतीचे अस्तरच जाड होऊन मार्ग अरुंद झालेला असतो, तो उबेने मोकळा होत नाही. तीस अंशांतही टोक हाताच्या पाठीपेक्षा एक अंशाहून अधिक थंड राहिले तर मुळाशी रोग आहे असे समजावे, असा त्यांचा निष्कर्ष. मँचेस्टरला ज्यासाठी खोली तापवावी लागली ती इन्नंबूरला वर्षातले बहुतेक दिवस फुकट मिळते. आपण मात्र उपकरणासोबत आलेल्या पुस्तिकेप्रमाणे खोली थंड करत बसतो.

यावरचा गंभीर आक्षेप घामाचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. दमट हवेत तळहात ओला असतो, पंख्याच्या वाऱ्याने ओलावा उडतो आणि त्वचा थंड होते. हे थंडावणे बोटाच्या टोकाला आणि हाताच्या पाठीला सारखे नसते. म्हणजे धमनीचा काही दोष नसताना फरक दिसू शकतो. उपाय साधा पण शिस्तीचा आहे: हात कोरडे करायचे, पंखा बंद ठेवायचा, वीसएक मिनिटे बसवायचे, त्याआधी काही तास तंबाखू व कॉफी बंद, आणि रक्तदाबासाठी निफेडिपिनच्या जातीचे औषध चालू आहे का ते विचारायचे, कारण ते औषध बोटाच्या धमन्याच उघडते. पंखा बंद करून रुग्णाला वीस मिनिटे बसवणे हे तमिळनाडूत काय किंवा विदर्भात काय, सांगायला सोपे आणि पाळायला अवघड. तरी दोन्ही हात आणि दहाही बोटे मोजली तर घामाचा दोष बराच उघडा पडतो: घाम सगळ्या बोटांना सारखा असतो, बुजलेली धमनी एखाद-दोन बोटांनाच गाठते.

धमनी बुजण्याचे आपल्याकडचे बदनाम कारण बर्गर रोग. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचे वर्णन केले. भारतात तो बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांचा रोग म्हणून ओळखला जातो. तो टोकाकडून वर चढतो, आणि म्हणूनच ‘नाडी लागते, म्हणजे ठीक आहे’ हा भरवसा इथे घातक ठरतो. मनगटाची नाडी मनगटापर्यंतची हमी देते. एडगर ॲलन यांनी १९२९ मध्ये मूठ आवळून मनगटाची एकेक धमनी दाबून पाहण्याची जी चाचणी सांगितली, ती आज सुधारित रूपात शस्त्रक्रियेच्या आधी उरकायची औपचारिकता झाली असली तरी मुळात याच रोगात मनगटापलीकडचे अडथळे शोधण्यासाठी होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेशी संबंधित संशोधकांनी २००७ मध्ये मांडलेली ‘नाडी तरंगिणी’ मनगटावरच्या तीन बिंदूंतली लाट टिपते. तिचा हेतू आयुर्वेदीय नाडीपरीक्षेला नोंदीचे रूप देण्याचा आहे, आणि बोटाच्या टोकाविषयी तिला विचारणे म्हणजे तिच्यावर अन्याय. मुंबईत याआधी वेगळ्या दिशेने काम झाले होते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे जी. डी. जिंदाल आणि त्यांचे सहकारी, केईएम रुग्णालयाचे शल्यचिकित्सक पारुळकर यांच्यासह, हातापायांतून क्षीण उच्चवारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडून प्रत्येक ठोक्याबरोबर रोध किती बदलतो ते मोजत होते. धमनी-अवरोधाच्या निदानात या तंत्राचा उपयोग कसा होतो, हे त्यांनी १९९० मध्ये ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये मांडले. स्वस्त, देशी बनावटीचे, सुई न टोचता होणारे हे काम आजही अभिमानाने सांगावे असे आहे. मात्र त्याची ताकद मांडी, पोटरी, दंड अशा मोठ्या खंडांत आहे. बोटात रक्ताचे आकारमान इतके थोडे, की तिथे पुन्हा फुगवपट्टीकडेच वळावे लागते. बोटावरच्या छोट्या पट्टीने आणि दंडावरच्या पट्टीने मोजलेल्या दाबांचे गुणोत्तर मधुमेहींच्या डायलिसिसमध्येही उपयोगी पडते. डायलिसिससाठी हातात केलेल्या धमनी-शिरा जोडाने, म्हणजे फिस्टुलाने, बोटांचे रक्त पळवले तर हे गुणोत्तर ०.६ च्या खाली घसरते आणि जखम होण्याआधी इशारा मिळतो.

आता एक असा रोग, ज्याच्यामुळे ‘प्रवाह किती’ हा प्रश्न निव्वळ चुकीचाच ठरतो. कुंभकोणमजवळ साक्कोट्टैला सेक्रेड हार्ट कुष्ठरोग केंद्र आहे. आपल्याकडे वर्ध्याचे दत्तपूर, अमरावतीचे तपोवन, वरोऱ्याचे आनंदवन याच रोगाशी लढत उभे राहिले. कुष्ठरोग हा रक्ताभिसरणाचा विकार नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि पाठ्यपुस्तकाच्या वर्गवारीत ते बरोबर आहे. पण कुष्ठाचा जंतू ज्या बारीक चेतातंतूंत शिरतो त्यांतच बोटातली दारे उघडणारे-मिटणारे तंतू असतात. निरोगी माणसाने एकदम खोल श्वास घेतला की बोटाच्या टोकातला प्रवाह काही क्षण झपकन घसरतो. स्वान्सन बेक आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांत लेझर डॉप्लरने ही प्रतिक्रिया तपासून १९९१ मध्ये दाखवले, की ती अनेकांत मंदावलेली किंवा नाहीशी झालेली असते. यांतल्या एखाद्या बोटात प्रवाह भरपूर असू शकतो; बोट उबदार, कोरडे, वरून छान दिसणारे. पण त्याला हुकूम पोचत नाही. स्थिर आकड्यावर विसंबणारा डॉक्टर अशा बोटाला निरोगी ठरवील, आणि श्वास घ्यायला सांगणारा ठरवणार नाही. इथे मनमानी एककांची अडचणही उरत नाही, कारण तुलना त्याच बोटाची त्याच बोटाशी, दोन सेकंदांपूर्वीच्या स्थितीशी होते.

त्वचेच्या रंगाचा मुद्दाही याच मार्गाने बराचसा सुटतो. अमेरिकेत शोडिंग आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले, की ऑक्सिमीटरला ठीक वाटलेल्या रुग्णांपैकी प्रत्यक्षात ऑक्सिजन धोकादायक पातळीवर उतरलेले कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आणि श्वेतवर्णीयांत ३.६ टक्के होते. प्रकाशावर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. नखाच्या मुळाशी तेल लावून सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहण्याची पद्धत स्क्लेरोडर्मासाठी अत्यंत मोलाची आहे. २०१३ च्या वर्गीकरण-निकषांत रोगनिश्चितीला लागणाऱ्या नऊ गुणांपैकी दोन तिला आहेत आणि तीन रेनोला. पण सावळ्या त्वचेत त्या वाहिन्या रंगद्रव्याआड दबतात. तिथे सवयीची नजर आणि धीर लागतो. दाब आणि तापमान या दोन मापांना त्वचेचा रंग दिसत नाही. आपल्या प्रदेशात त्यांना पहिली पसंती देण्याचे हे आणखी एक कारण.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: मोजून करायचे काय? बिडी सोडा, हात जपा, हे तर न मोजताही सांगता येते. सांगता येते, पण बोट कापायचे की थांबायचे, कापायचे तर कुठल्या पेरापासून, हे न मोजता सांगणे म्हणजे अंदाज. पायाच्या बोटातला दाब ३० मिलिमीटरच्या खाली गेला की जखम आपोआप भरून येण्याची आशा फार कमी. त्याच्या बऱ्याच वर असला तर वाट पाहण्यात अर्थ आहे. निफेडिपिनचा उपयोग होतो आहे का, शिरेतून दिलेल्या आयलोप्रॉस्ट या औषधाने काही सुधारले का, हेही त्याच बोटाच्या आधीच्या नोंदीशिवाय कळत नाही. नोंदी ठेवण्याची परंपरा या मुलखाला परकी नाही. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या काळातली नेत्ररुग्णांची टिपणे, रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जपली गेली आहेत; प्रत्येक रुग्णाचा डोळा कसा होता हे दोनशे वर्षांनी आजचा नेत्रतज्ज्ञ वाचू शकतो. बोटांच्या बाबतीत कोणत्याही तालुका रुग्णालयाला यापेक्षा जास्त लागत नाही. एक लहान फुगवपट्टी, ठोका ऐकवणारे हातातले डॉप्लर, त्वचेला टेकवायचे तापमापक, मोबाइलवर काढलेले दोन्ही हातांचे छायाचित्र. लेझरची गरज मोठ्या केंद्राला. त्याच खोलीत, त्याच ऋतूंत, आसपासच्या निरोगी शेतकरी आणि कारागिरांचे हात आधी मोजून घेतले तर मँचेस्टरचा एक अंश इथेही एकच धरायचा की दीड, हे ठरेल. आणि नोंदवहीत प्रत्येक रुग्णाच्या दहा आकड्यांच्या आधी त्या वेळचे खोलीचे तापमान, आर्द्रता आणि पंखा कधी बंद केला ती वेळ लिहावी लागेल.